शेपटीवाल्याचं नाव

चहा ओतता ओतता मारपाच्या कानावर तो शब्द पडला आणि किटली तिच्या हातात अधांतरीच राहिली. "लांडगा," बाबा म्हणाले होते. खिडकीकडे तोंड करून, काचेवर आतल्या बाजूनं साचलेल्या बर्फाच्या पापुद्र्याकडे बघत, एखाद्यानं "मीठ" म्हणावं इतक्या सरळपणे. घरात दुसरं कुणी नव्हतं. रेडिएटर नेहमीसारखा कुरकुरत होता. खाली अंगणात धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारत जागेवर आहे की नाही हेसुद्धा सांगता आलं नसतं. या तोंडातून हा शब्द मारपानं जन्मात ऐकला नव्हता. उन्हाळ्यात नाही, दारूच्या भरात नाही, आईला पुरून आल्यावर बाबा भिंतीशी बडबडत होते तेव्हाही नाही. आणि हिवाळ्यात तर नाहीच नाही. "साखर हवी का?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला शेजारणीचा असावा तसा ऐकू आला. बाबांनी मान वळवली. त्यांचे डोळे स्वच्छ होते, आणि तेच तिला जास्त लागलं. "लांडगा म्हटलं मी," ते म्हणाले. "हो, थंडी वाढलीय खरी," असं म्हणून तिनं कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ओट्याकडे वळली. ओट्याला टेकून ती पाव कापायला लागली, कुणालाही नको असलेला पाव, एकामागून एक.

नाव घ्यायचं नाही, एवढाच तो नियम. तो कुणी शिकवत नाही, थंडी कशी कुणी शिकवत नाही तसा. शेपटीवाला म्हणायचं, आभाळाचा पोर म्हणायचं, फार झालं तर नुसतं 'तो'. नाव घेतलं की त्याला कळतं, आणि कळलं की तो कळपावर येतो. आणि सापळा लावून वाट बघत असाल तर नेमका येत नाही. म्हणजे दोन्हीकडून आपलंच नुकसान. मारपा शिकली, गावातून याकुत्स्क शहरात आली, गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसली. दिवसभर लोक फोनवर ओरडायचे की नळ्या गार पडल्यात, पोरं थंडीनं कुडकुडतायत, आणि ती सगळ्यांना "माणूस निघालाय" म्हणून सांगायची, मग तो निघालेला असो वा नसो. देवाधर्माशी तिचं जेमतेमच होतं. पण हा शब्द तिनंही कधी तोंडाबाहेर काढला नव्हता. शाळेतल्या पुस्तकात तो रशियन भाषेत बिनदिक्कत यायचा, आणि तो चालायचा. रशियन त्याला कळत नाही असं सगळ्या गावानं आपापसांत ठरवून टाकलं होतं. घरची भाषा मात्र त्याला कळते. आणि बाबांनी घरच्या भाषेत, भर पौषात, चौथ्या मजल्यावर बसून त्याला हाक मारली होती.

तीही नेमकी आज. आज बायबाल यायचा होता. मारपाचा हा धाकटा भाऊ गावी राहून घोडे सांभाळायचा. नदी गोठून बर्फावरून गाड्या सुरू झाल्या होत्या, पलीकडच्या तीरावरून तो पहाटेच निघाला होता, बाबांना न्यायला. कळपावर धाड पडत होती. गाभण घोड्या फाडून टाकलेल्या सापडत होत्या. बंदूक घेऊन बसावं तर शेपटीही दिसत नव्हती. "ताई, पावलाखालचा सापळा बाबांशिवाय आता कुणाला येतोय? सांग ना," तो फोनवर म्हणाला होता. "नुसते उघड्यावर मांडून ठेवले तर ते त्यावर मुतून जातात." बायबालचं जे काही होतं ते त्या कळपात होतं. आणि मारपानं आनंदानं हो म्हटलं होतं, कारण बाबा या घरात वाळत चालले होते. त्यांच्या हाताची कातडी रेडिएटरच्या उष्णतेनं तडकायची. ते बाल्कनीचं दार उघडून तिथं टांगलेल्या गोठलेल्या मांसाच्या पिशव्यांशेजारी उभे राहायचे आणि ती ओरडली की आत यायचे, मुकाट. रानात गेले की माणसात येतील, असं तिला वाटलं होतं. आता तो शब्द तिच्यापाशी होता आणि त्याचं काय करायचं ते तिनंच ठरवायचं होतं. बायबालला सांगितलं तर तो त्यांना नेणार नाही. वर ज्या घोड्याला बर्फ उकरून गवत काढता येत नाही, म्हणून कापायला काढतात, त्याच्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघेल. नाही सांगितलं तर ज्या डोक्याची सगळ्यात पक्की कडी निसटलीय ते डोकं घेऊन बाबा उणे पन्नासात जातील. सांगावं तर बाबा संपले, न सांगावं तर बाबा मेले. पाव कापून संपला तरी तिची सुरी चालूच होती.

सापळ्यांचं काम तिच्या आठवणीत वासापासून सुरू व्हायचं, म्हणजे वास घालवण्यापासून. बर्फ पडून घट्ट बसला की बाबा कोठारातून लोखंड बाहेर काढायचे आणि मोठ्या कढईत लार्चच्या झाडाची साल घालून उकळायचे, लोखंडाचा लोखंडपणा जाईपर्यंत. मग ते सापळे घरात यायचे नाहीत. बाबांचा तो ठरावीक कोट, ते हातमोजे, ते बूट गवताच्या गंजीत पुरून ठेवलेले असायचे. आणि हळूहळू बाबाही घरातून वजा व्हायचे. जेवायला आले की दाराशी बसायचे. आई त्या दिवसांत तळणाचं काही करायची नाही. मारपानं धावत जाऊन मांडीवर बसावं तर आई मागून फ्रॉक ओढायची, "त्यांना शिवू नको. आपला वास लागेल." आपला वास म्हणजे काय, हे मारपाला कळायचं नाही. दूध, चूल, झोप, असलं काहीतरी आपल्याला चिकटलंय, वाईट आहे, आणि बाबा त्यातून सुटून कुठंतरी स्वच्छ जागी चाललेत, असं तिला वाटायचं आणि त्यांचा राग यायचा. सापळे लागले, शेपटीवाला सापडला, कातडं सोलून झालं की बाबा परत बाप व्हायचे, मांडीवर घ्यायचे, पण तोवर तिचा रुसवा इतका घट्ट झालेला असायचा की ती मांडीवर लाकडासारखी बसायची. आता त्याच बाबांच्या अंगाला तिच्या घराचा वास येत होता. साबणाचा, कोबीच्या सूपाचा, गाद्यांचा. तिनं मागं वळून बघितलं. ते चहात पाव बुडवत होते, आणि पावाचा भिजलेला तुकडा कपात पडला तेव्हा ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

शेपटीवाले एकामागून एक, पुढच्याच्या ठशात पाय टाकत जातात; पाच गेले तरी एकच गेल्यासारखं दिसतं. परतताना पुन्हा तीच वाट. आपल्याच जुन्या पावलावर कुणाचा विश्वास नसतो? बाबांची सगळी विद्या या विश्वासावर उभी होती. ठशाला हात लावायचा नाही. ठशाच्या बाजूला गुडघे टेकायचे, लाकडी उलथन्यानं बर्फात आडवं शिरायचं आणि ठशाच्या खालून बर्फ काढत जायचं. वर ठसा जसाच्या तसा, खाली पोकळी, भाकरीच्या पापुद्र्याएवढं छप्पर उरेपर्यंत. मग उघडलेला सापळा आत सरकवायचा, साखळी ओंडक्याला, ओंडका बर्फाखाली. बाजूचं भोक बर्फाच्या वड्यांनी बुजवायचं आणि हंसाच्या पंखानं आपल्या खुणा झाडत मागं मागं सरकत यायचं. जागेची खूण ठेवायची नाही. खूण माणसाला कळते तशी त्यालाही कळते. कुठं काय आहे ते फक्त लावणाऱ्याच्या डोक्यात. हात सरावाला यावा म्हणून हंगामाच्या आधी बाबा अंगणातच, सापळ्याशिवाय, कुत्र्याच्या ठशांखाली पोकळी करून बघायचे. आणि एकदा सकाळी मारपा दारातून बाहेर पडली, काल संध्याकाळी आपण चाललो ते आपलेच जाड लोकरी नमद्याच्या बुटाचे ठसे तिला दिसले, आणि त्यातल्या एकात तिनं ऐटीत पाय दिला. खालचं सगळं गेलं. पाय घोट्यापर्यंतच आत गेला असेल, पण तिला वाटलं की खाली जग नाहीच, नुसता ठसा आहे. लाकडांच्या राशीआड बाबा पोट धरून हसत होते. "तुझं तुला कळलं नाही, मग त्याला काय कळणार!" ते म्हणाले होते, आणि तिला उचलून हवेत उडवलं होतं. ती मात्र रडायला लागली होती. तिला लागलं काहीच नव्हतं. पण आपल्या पावलाखाली कुणीतरी इतकं शांतपणे, आपल्याला पत्ता न लागू देता काम करून गेलं, हे तिच्या पोटात कुठंतरी बसून राहिलं. नवरा सोडून गेला त्या दिवशीही तिच्या आधी पायालाच तसं वाटलं होतं.

नाव घेतलं गेलं तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. त्या दिवशी निघायचं नाही. हातमोजे परत खिळ्याला, सापळे परत कोठारात, आणि नवा बर्फ पडून जुनं सगळं झाकेपर्यंत त्या बाजूला कुणीही फिरकायचं नाही. ज्यानं नाव घेतलं त्याला कुणी रागावायचं नाही. ते त्याचं त्याला. शेजारी स्योदर राहायचा, पाय ओढत चालणारा, तोंडाचा फाटका. बाबा निघायच्या तयारीत असले की हा कुंपणावरून ओरडायचा, "काय मेखाले, लांडग्यांच्या मागं का?" आणि बाबा एक शब्द न बोलता हातमोजे काढून आत यायचे, चुलीपाशी बसायचे, दिवसभर चहा प्यायचे. आई भांडी घासता घासता पुटपुटायची, "अंग मोडून आलं असेल, पाठ धरली असेल, त्याच दिवशी बरा येतो हा नाव घ्यायला. आदल्या दिवशी सांगून येत असाल तुम्ही." बाबा म्हणायचे, "काहीतरीच तुझं." पण हसायचे. मारपाला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. तिला स्योदरचा राग यायचा आणि शेपटीवाल्यांना आता सगळं कळलं म्हणून ती रात्रभर कान टवकारून पडायची. आत्ताही ती कान टवकारूनच होती. खाली गाडी आली की आवाज येईल. धुक्यात आवाज जवळून येतो.

शरद संपता संपता बाबा सापडले होते तेही तिला बायबालनं फोनवरच सांगितलं होतं. कळप चरतो त्या ओढ्याकाठी ते एकटे गेले होते, ससे बघायला म्हणून. अंधार पडला तरी आले नाहीत म्हणून हा स्नोमोबाईल घेऊन शोधत गेला, तर झाडीच्या मोकळ्या पट्ट्यात उभे. बसलेले नाहीत, पडलेले नाहीत. उभे, हात अंगापासून जरा लांब धरून. पापण्या गोठून चिकटायला आलेल्या. त्यानं हाक मारली तरी जागचे हलेनात. शेवटी त्यानं स्नोमोबाईल अगदी त्यांच्यापर्यंत नेली आणि बखोट धरून त्यांना मागं बसवलं. काय करत होता विचारलं तर "उभा होतो" म्हणाले. शहरातल्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले, कसल्याशा गोळ्या दिल्या, आणि बाबा तेव्हापासून मारपाकडेच होते. माणसानं रानात उभं राहू नये असा काही कायदा नाही, असं मारपानं तेव्हा हसून सोडून दिलं होतं. ते हसणं आठवून आता तिला ओशाळल्यासारखं झालं. ती बाबांच्या समोर जाऊन बसली. विचारावं, सरळ विचारावं, की तुम्ही नाव का घेतलंत. पण विचारायचं तर 'कुणाचं' हे आलंच. आणि ते कळलं नाही असं ते म्हणाले तर? ती नुसती त्यांच्या कपाकडे बघत राहिली. बाबाही तिच्याकडे बघत होते, वाट बघावी तसे.

बायबाल आला तो धुकं घेऊनच आत आला. दाराची फट उघडल्याबरोबर पांढरी वाफ जमिनीवरून स्वयंपाकघरापर्यंत लोळत आली. मिशा गोठलेल्या, भुवया गोठलेल्या. "बाबा, काय राजेशाही चाललीय! इथं भाजून निघाल, चला," असं म्हणत त्यानं टोपी काढली. गाडी खाली चालू ठेवलीय, बसायला वेळ नाही, असं म्हणत म्हणत तो बसला आणि मारपानं कापलेल्या पावाच्या ढिगाकडे बघून म्हणाला, "ताई, लग्न आहे का कुणाचं?" तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. तो तरुणपणी बाबांसारखा दिसायचा, आता आईसारखा दिसायला लागला होता, विशेषतः काळजीत असला की. परवा पुन्हा एक घोडी गेली, तो सांगायला लागला. पोट फाडून शिंगरू बाहेर ओढलेलं. तो ते जेवणाच्या टेबलावर सांगू नये अशा बारकाईनं सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज बारीक होत होता. "ओढ्याच्या वाकणावरून येतात बाबा. वाट अशी मळलीय. तुम्ही नुसते लावून द्या, नंतर मी बघतो. सगळं उकळून, गंजीत घालून ठेवलंय. तुमचा कोटसुद्धा." बाबा ऐकत होते. "कशासाठी?" त्यांनी विचारलं.

बायबाल हसला. "कशासाठी म्हणजे? शेपटीवाल्यांसाठी."

"कुठले शेपटीवाले?"

"अहो बाबा, शेपटीवाले."

"शेपटी तर घोड्यालाही असते," बाबा म्हणाले. "कुत्र्याला असते. तुला काय धरायचंय ते नीट बोल की."

बायबालनं मारपाकडे बघितलं. तो अजून हसत होता, पण हसू आता तोंडावर राहून गेलेलं होतं. "आभाळाचा पोर," तो सावकाश म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं. बाबांनी छताकडे बघितलं आणि खांदे उडवले. मारपाच्या लक्षात आलं. म्हणजे त्यांनी नियम मोडला नव्हता. आडून बोलायचे सगळे शब्दच गेले होते. शेपटीवाला गेला, आभाळाचा पोर गेला, आयुष्यभर रोज जिभेवर असलेले शब्द झडून गेले आणि तळाशी, कधीही न वापरल्यामुळे कोरा करकरीत, तो एकच उरला होता. बायबालचा चेहरा बदलत चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी घोडी दिसली, मग शिंगरू, मग बाप. आता तो बाबांकडे बघणार, त्या कापायला काढलेल्या घोड्याकडे बघतात तसं. मारपाला ते सहन होईना. आणखी एक क्षण गेला असता तर ते झालंच असतं. "लांडगा, बाबा," ती म्हणाली. "लांडगे धरायला बोलावतोय तो तुम्हाला."

शब्द तिच्या तोंडातून किती सहज निघाला याचंच तिला नवल वाटलं. जिभेला काही झालं नाही. बाबांचा चेहरा उजळला. "हां," ते म्हणाले, "मग असं बोला ना." आणि बायबाल उठला. त्यानं मांडीवरचे हातमोजे घेतले, घातले, पुन्हा काढले. "तू घेतलंस," तो म्हणाला. "निघायच्या दिवशी, बाबांच्या तोंडावर. शिकलीसवरलेली ना तू." त्याला राग आला होता, पण रागाखाली सुटल्यासारखंही काहीतरी होतं, आणि मारपानं ते बघितलं: आता दोष द्यायला ती होती, बाबांकडे बघायची गरज नव्हती. म्हणूनच मी ते केलं, तिनं स्वतःला सांगितलं. "होय, घेतलं," ती म्हणाली. "आता बाबा यायचे नाहीत. नवा बर्फ पडू दे." "नव्या बर्फाची वाट बघत बसलो तर वसंतापर्यंत एक शिंगरू उरायचं नाही," बायबाल म्हणाला. "तुमची नावं ठेवा तुमच्यापाशी. बघत आलोय ना लहानपणापासून, माझे मी लावतो. आज वाकणापाशीच उतरतो." टोपी न घालताच तो बाहेर गेला आणि दार त्यानं आपटलं. धुक्याचा एक लोळ आत राहिला आणि जमिनीवर विरून गेला.

बाबांनी कप सरकवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "सकाळीच घेतलं होतं मी नाव. दोनदा घेतलं. मला वाटलं भावाला फोन करून सांगशील, तो यायचा थांबेल. तू थंडी वाढलीय म्हणालीस." मारपाला आधी शब्द ऐकू आले आणि अर्थ मागून आला. "तुम्हाला माहीत होतं?" "काय माहीत होतं?" "शेपटीवाले म्हणजे काय ते." बाबा चक्क चिडले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी त्यांच्या मागं आहे, मला माहीत नसणार? पण मी काय करायला हवं होतं? सकाळचं तू गिळून टाकलंस. स्योदर जिवंत असता तर त्याला बोलावलं असतं. पोराला तोंडावर सांगू का, मला आता नाही जमायचं म्हणून?" ते इतक्या व्यवस्थित बोलत होते, इतके तेच होते, की मारपाला हसू फुटणार होतं. त्यांनी दोघांनाही फसवलं होतं. ती त्यांना वाचवायला निघाली होती आणि ते तिच्या पावलाखाली बसून शांतपणे काम करत होते. काय पण म्हातारा, तिला वाटलं. आणि लगेच वाटलं की जो माणूस इतकं नाटक करू शकतो त्याला न जमायला काय झालंय? "गेला का तो घरी?" बाबांनी विचारलं. "घरी नाही. ओढ्याकडे जातोय," ती म्हणाली. "स्वतः लावणार म्हणाला. ऐकलंत ना तुम्ही."

"नाव घेतल्यावर कोण जातं?"

"तो जातोय, बाबा."

बाबांचा हात टेबलावर होता तसाच राहिला. चेहऱ्यावरचा सगळा खट्याळपणा आत ओढून घेतल्यासारखा गेला आणि मागं नुसता म्हातारा उरला. "बोलाव त्याला," ते म्हणाले. "वाकणापाशी सापळे लावलेत मी." "कधी?" "ससे बघायला गेलो म्हटलं तेव्हा. त्याच्या आधी. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हटलं एकदा धरून आणून दाखवावं. मग दोन दिवस बर्फ पडला. बघायला म्हणून गेलो, आणि मध्यावर पोचल्यावर..." ते थांबले. "पोरी, सगळं पांढरं. कुठं काय लावलंय ते डोक्यात होतं, आणि डोक्यात बघतो तर तिथंही पांढरंच. पुढं पाय टाकावा तर तिथं असेल. आलो त्या पावलांवरून परत फिरावं तर तोही धीर होईना. आपल्याच पावलात पाय देणारा अडकतो, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? म्हणून उभा राहिलो."

मारपा घरातल्या सपातांवरच जिन्यातून धावली. फोन लावून बघायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तो उचलणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. एक एक पायरी तिच्या पायाला खोटी वाटत होती. खालचं लोखंडी दार उघडल्याबरोबर हवा छातीत दगडासारखी बसली, नाकाच्या आतले केस चिकटले, आणि समोर काहीच नव्हतं. दुधाळ पांढऱ्यात कुठंतरी इंजिन घुरघुरत होतं. बायबाल वाकणापाशी उतरेल. एकटा. मळलेली वाट बघून खूश होईल, तिच्या कडेनं गुडघे टेकेल, बर्फात हात घालेल. आणि हात धरला गेला तर हातमोजा काढता यायचा नाही, फोन काढता यायचा नाही. उणे पन्नासात हाक मारायला माणसाला किती वेळ मिळतो, हे त्या भागात जन्मलेल्या कुणाला विचारावं लागत नाही. ती आवाजाच्या दिशेनं धावली, हात पुढं करून, आंधळ्यासारखी. गाडी हलली होती. दोन तांबडे दिवे धुक्यात फिकट होत चालले होते. ती ओरडली, पण घशातून नुसती वाफ आली. मग तिचे तळवे मागच्या पत्र्यावर आदळले आणि तिथंच चिकटले. गाडी थांबली.

"वेड लागलंय काय तुला! सपातांवर!" बायबाल खाली उतरून तिच्या अंगावर ओरडला, तिचे हात पत्र्यावरून सोडवता सोडवता. तळव्याची थोडी कातडी मागं राहिली. तिनं दात वाजत असताना सांगितलं. एकदा सांगून त्याला कळलं नाही. दुसऱ्यांदा तिनं फक्त एवढंच म्हटलं, "ते तिथं उभे होते ना, ते यासाठी." त्यानं स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकला. त्या दिवशी स्नोमोबाईलवरून उतरून बापाचं बखोट धरायला आपण कुठं कुठं पाय टाकला होता, हे तो आठवत असावा. तो आपल्याच बुटांकडे बघत होता.

वर बाबा दारातच उभे होते, दार सताड उघडं टाकून, सगळ्या जिन्यात वाफ सोडत. मारपानं त्यांना आत ढकललं. बायबाल आत आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या मिशांवरचा बर्फ वितळून हनुवटीवरून गळत होता. आता त्यांच्याकडे बघायचं टाळता येण्यासारखं नव्हतं, आणि तो बघत होता. पण मारपा ज्याला घाबरत होती तसं नाही. तो लहान पोरासारखा बघत होता, बाप काहीतरी करेल अशा नजरेनं.

"वाकणाच्या अलीकडे की पलीकडे, बाबा?" त्यानं विचारलं.

"पट्ट्यात. मोकळ्या पट्ट्यात."

"किती लावलेत?"

बाबांनी बोटं वर केली, मग त्यातली काही मिटली, मग पुन्हा उघडली. ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"ते आठवत असतं," ते म्हणाले, "तर मी आलो असतो की रे."